महिन्याचा चौथा शनिवार

व्यापाऱ्याच्या दिनदर्शिकेत लाल रंगाच्या तारखा पुष्कळ असतात. त्यांतल्या सुटीच्या मात्र थोड्या. सात तारखेला टीडीएस, अकराला विक्रीचे विवरणपत्र, वीसला जीएसटीआर-३बी, महिनाअखेरीस पगार आणि उचल, मध्येच एखाद्या धनादेशाची मुदत. दिवाळीचे पाच दिवस आणि पर्युषणाचे पर्व सोडले, तर दुकानाचे शटर खाली येते ते लग्नाला किंवा दुःखद प्रसंगाला. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. नोकराला आठवड्यातून एक दिवस सुटी देणे त्या कायद्यालाही आवश्यक वाटले. मालकाच्या सुटीविषयी तो मौन बाळगून आहे, आणि मालकही!

अशा घरासाठी महिन्यातून एकच दिवस राखून ठेवायचा, तर तो कोणता? याचे उत्तर पंचांगापेक्षा बँकेच्या आणि कराच्या वेळापत्रकात लवकर सापडते. १ सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असतात. चौथा शनिवार कोणत्याही महिन्यात २२ ते २८ या तारखांमध्येच येतो. म्हणजे दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याची वीस तारीख नुकतीच मागे पडलेली असते आणि महिनाअखेरीची ओढाताण अजून सुरू व्हायची असते. त्या दिवशी भरणा करायला बँकेत जायचे नाही आणि कर-सल्लागाराचा दूरध्वनीही सहसा येत नाही. ज्या गावात शनिवारीच आठवडी बाजार भरतो तेथे हा हिशेब चालणार नाही, हे खरे. तेथे वीस तारखेनंतरचा गावाच्या बंदचा वार धरावा. अष्टमी-चतुर्दशीला उपवास करणारी मंडळी घरात असतील, तर तिथी आधी पाहून घ्यावी. दिवस मात्र वर्षाच्या आरंभी एकदाच ठरवून वहीत लिहून ठेवावा. ‘सवड मिळेल तेव्हा जाऊ’ असे ज्या घरांत म्हटले जाते, त्या घरांतील सवड सहसा नातवाच्या मुंजीएवढ्या वयापर्यंत लांबते.

जालन्याला ‘सोने का पालना’ म्हणतात. या पाळण्याला झोका देणारे हात पहाटेपासून कामात असतात. तेथील एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या घरी गेल्या वर्षापासून हा चौथ्या शनिवारचा रिवाज पडला आहे. सुरुवात नातीच्या हट्टाने झाली. इतिहासाच्या पुस्तकात वेरूळचे चित्र होते आणि घरापासून जेमतेम नव्वद किलोमीटरवर असलेले ते लेणे घरातल्या एकाही मुलाने पाहिले नव्हते. बाबूजींनी पाहिले होते, पण शाळेच्या सहलीत, पन्नास वर्षांपूर्वी.

वेरूळ हे अशा एका दिवसासाठी उत्तम ठिकाण आहे. जालन्याहून समृद्धी महामार्गाने निघून माळीवाड्याला उतरले की देवगिरीचा किल्ला जवळच दिसू लागतो. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ केवळ तीस किलोमीटर. सूर्योदयानंतर नवकारसी करून सावकाश निघावे आणि सूर्यास्ताच्या आत परत यावे, एवढे हे अंतर आहे. श्रावकाच्या व्रतांत दिशांची आणि अंतराची मर्यादा सांगितली आहे. एका दिवसाच्या प्रवासालाही अशी मर्यादा घालून घेतली, तर निम्मी दगदग घरीच राहते. जाऊन येऊन दोनशे किलोमीटरच्या पलीकडे जायचे नाही, हा नियम या घराने पहिल्याच महिन्यात केला. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो आणि मे महिन्यात सातच्या सुमारास. चौविहार पाळणाऱ्यांनी परतीची वेळ या घड्याळावर ठरवावी, हॉटेलच्या पाटीवर नव्हे.

एक गोष्ट मात्र निघण्यापूर्वीच लक्षात ठेवावी: वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. मंगळवारी बाजार बंद असलेल्या गावातील मंडळी भल्या सकाळी येऊन फाटकावरून परत जातात, हे दृश्य दुर्मिळ नाही.

वेरूळला एकूण ३४ लेणी क्रमांकाने ओळखली जातात. त्यांतील पहिली १२ बौद्ध, पुढची १७ हिंदू आणि शेवटची ५ जैन. या ‘शेवटची’ शब्दानेच घोटाळा केला आहे. बहुतेक प्रवासी सोळाव्या क्रमांकाच्या कैलासापाशी उतरतात. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले, डोंगर वरून खाली कोरत आणलेले ते अजस्र मंदिर पाहताना माणूस थक्क होतो आणि थकतोही. मग ऊन चढते, मुले पाणी मागू लागतात आणि तीस ते चौतीस या क्रमांकांची लेणी ‘पुढच्या खेपेला’ म्हणून राहून जातात. ती मुख्य समूहापासून उत्तरेला सुमारे दीड-दोन किलोमीटरवर आहेत. तेथे जायला वाहनाची सोय आहे. तेव्हा उलट क्रम धरावा. आधी जैन लेणी, मग भोजन आणि विश्रांती, मग उरलेल्या उत्साहात कैलास. कैलास कोणाकडून सुटत नाही. लेण्यांचा कडा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी तेथे सावली आणि गारवा असतो. आतील कोरीव काम उजेडात पाहायची हौस असेल, तर मात्र हिवाळ्यात दुपारनंतर यावे. त्या वेळी कलते ऊन थेट दालनांत शिरते आणि सकाळी काळसर दिसणारा दगड मधाच्या रंगाचा होतो.

तिसाव्या क्रमांकाला ‘छोटा कैलास’ म्हणतात. मोठ्या कैलासाच्या धर्तीवर ते आरंभले गेले आणि अपुरे राहिले. का राहिले ते दगड सांगत नाही. व्यापारी माणसाला अपुऱ्या कामाचे वाईट वाटते. बाबूजी तेथे जरा जास्तच वेळ थांबले.

बत्तिसावे लेणे म्हणजे इंद्रसभा. नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या जैन समूहातील ते सर्वांत देखणे. दारातून आत गेले की उघडे अंगण लागते. मधोमध एकाच दगडातून कोरलेले चौमुखी देवालय, जवळ एकाच दगडातला हत्ती आणि मानस्तंभ. कैलासाचे भव्यपण येथे नाही. मोठ्या वाड्याच्या चौकात यावे तसे वाटते, आणि घरंदाज वाड्यातील कलाकुसर जशी हळूहळू नजरेत भरते तशीच येथील भरते. खांबांवरील कलशांतून ओसंडणारी पाने, हाराच्या माळा, छतावर उमललेले मोठे कमळ, आणि मान वर करून थांबण्याची तयारी असेल तर जुन्या रंगीत चित्रांचे पुसट अवशेष. त्या रंगांना हात लावू नये, मुलांनाही लावू देऊ नये. हजार वर्षे टिकलेला रंग घामाच्या बोटांनी जातो.

‘इंद्रसभा’ हे नाव एका गैरसमजातून आलेले आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. वरच्या मजल्यावर वडाच्या झाडाखाली हत्तीवर बसलेली एक भव्य मूर्ती आहे. हत्ती दिसला म्हणून पाहणाऱ्यांनी तिला इंद्र ठरवले, समोरच्या स्त्रीमूर्तीला इंद्राणी ठरवले आणि लेण्याला इंद्राची सभा. प्रत्यक्षात तो यक्ष आहे. कोणी त्याला मातंग म्हणतात, कोणी सर्वानुभूती. वैभवाचा हा अधिपती दारातच ऐसपैस बसला आहे आणि आत गाभाऱ्यात सर्व त्यागलेले तीर्थंकर आहेत. जो तो आपापल्या कामात आहे.

दालनांच्या भिंतींवर एक जोडी पुन्हा पुन्हा समोरासमोर येते: एका बाजूला पार्श्वनाथ आणि दुसऱ्या बाजूला बाहुबली. पार्श्वनाथांवर कमठाचा उपसर्ग चालला आहे. चोहोबाजूंनी भयंकर आकृती धावून येत आहेत, मस्तकावर धरणेंद्राने फणा धरला आहे आणि मध्ये भगवंत निश्चल उभे आहेत. समोर बाहुबली. भरताला जिंकल्यानंतर, मिळालेले राज्य तेथेच ठेवून जो उभा राहिला तो राहिलाच. पायांवरून, मांड्यांवरून वेली चढल्या आहेत. मुलांना हा भाग फार आवडतो, कारण वेली मोजता येतात. त्या घरच्या नातवाने विचारले, “एवढा वेळ त्यांनी दुकान कोणावर सोपवले होते?” बाबूजींना उत्तर सुचले नाही. त्यांनी तेवढ्यात खिशातून फोन काढला होता.

त्या पहिल्या सहलीत दुपारी एकपर्यंत बाबूजींनी मुनीमजींना अकरा फोन केले, अशी नोंद नातीने ठेवली आहे. तुरीचा भाव काय निघाला, वाहतूकवाल्याला पावती दिली का, अमक्याची उधारी आली का. अकराव्या वेळी मुनीमजी म्हणाले, “बाबूजी, गिऱ्हाईक थांबलंय, फोन ठेवू का?” थोरला मुलगा शेजारीच उभा होता. तो पस्तीस वर्षांचा आहे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि गल्ल्याची दुसरी किल्ली त्याच्याकडे तोपर्यंत आलेली नव्हती. तो काही बोलला नाही. एखादी गोष्ट न बोलता फार मोठ्याने सांगता येते.

खरी गोष्ट घडली ती वरच्या मजल्यावर, अंबिकेच्या मूर्तीसमोर. आजींचे गुडघे दुखरे. “मी खाली अंगणातच बसते, तुम्ही या बघून,” असे त्या म्हणाल्या होत्या. दगडी जिना अरुंद आणि अंधारा आहे. ज्येष्ठांनी घाई करू नये, सोबत एक माणूस आणि हातात लहान विजेरी ठेवावी. पण वर अंबिका आहे हे कळल्यावर आजी नातीचा हात धरून, दर चार पायऱ्यांना थांबत, वर आल्याच. फळांनी लगडलेल्या आंब्याच्या झाडाखाली, सिंहावर बसलेली ती देवी. पानांमध्ये घोस कोरलेले आहेत. आजींनी तेथेच खांबाला टेकून मुलांना कथा सांगितली.

अग्निला नावाची एक सून होती. घरी श्राद्ध होते, स्वयंपाक तयार होता, ब्राह्मण यायचे होते. दारी मुनी आले आणि तिने त्यांना आहार दिला. घरच्यांना कळले तेव्हा आकांत झाला: आधी पान कोणाचे? नवऱ्याने तिला दोन लेकरांसह घराबाहेर काढले. रानात ती एका आंब्याखाली बसली. मुले भुकेने रडू लागली, तेव्हा त्या झाडाला अवेळी फळे आली आणि कोरडे तळे भरले. इकडे नवऱ्याला पश्चात्ताप झाला, तो तिला आणायला धावला. त्याला येताना पाहून ती भ्याली आणि तिने प्राण सोडला. तीच पुढे नेमिनाथांची यक्षी अंबिका झाली. नवरा पुढल्या जन्मी सिंह होऊन तिचे वाहन झाला.

शेवटचे वाक्य ऐकून मुले हसली. सूनबाई हसल्या नाहीत. पहाटे साडेतीनला उठून त्यांनी नऊ माणसांच्या पुऱ्या, भाजी, शिरा, मुलांसाठी वेगळा डबा आणि बाबूजींसाठी गाळून उकळलेले पाणी अशी सगळी तयारी केली होती. गाडीत त्या पिशव्या सांभाळत बसल्या होत्या आणि परत गेल्यावर डबे घासायचे होते. खाली उतरताना त्या सासूबाईंना हळूच म्हणाल्या, “बाई, दुकानाला सुटी मिळाली. चुलीला कुठं मिळाली?”

हे वाक्य त्या घरी पुढे बरेच गाजले. आजींनी त्याच रात्री फर्मान काढले की चौथ्या शनिवारी घरी काही शिजणार नाही. ज्या घरांत सहलीचा बेत ठरवतात पुरुष आणि सहलीची तयारी करतात स्त्रिया, त्या घरांत तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काही ना काही कारणाने बेत मोडतो. ते कारण बहुधा स्वयंपाकघरातच असते आणि ते कोणी बोलून दाखवत नाही.

मग खायचे काय? आदल्या रात्रीची पोळी-भाजी बाशी होते, ती चालत नाही. पण कोरड्या पदार्थांना आपल्या परंपरेत मोठी सवलत आहे. खाकरा, कोरडा फराळ आणि मिठाई यांचा काळ श्वेतांबर परंपरेत हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवस धरतात. तेव्हा महिन्याचे खाकरे एकदा करून किंवा खात्रीच्या घरगुती उद्योगाकडून आणून ठेवले की काम झाले. सोबत शेव, मेथीचा मसाला, तुपाचा छोटा डबा, फळे आणि मुखवास. उकळलेल्या पाण्याचा काळ हिवाळ्यात चार प्रहर, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. सकाळी थर्मासमध्ये भरलेले पाणी संध्याकाळपर्यंत निर्वेध चालते. भोजनशाळा असलेल्या क्षेत्री जायचे असेल, तर आदल्या दिवशी फोन करून पाने सांगावीत; ऐनवेळी नऊ माणसे जाऊन उभी राहिली, तर चुलीचा भार एका घरावरून दुसऱ्या घरावर जातो इतकेच. हॉटेलात ‘जैन थाळी’ मागितली, तरी रस्स्यात बटाटा नाही ना, हे विचारून घ्यावे. कांदा-लसूण वगळला की थाळी जैन झाली, अशी पुष्कळ आचाऱ्यांची प्रामाणिक समजूत आहे.

जेवणानंतर जैन लेण्यांच्या वरच्या डोंगरावर जावे. तेथे पार्श्वनाथांची सुमारे १६ फूट उंचीची पद्मासनस्थ मूर्ती आहे. तिच्या आसनावरील लेखात शके ११५६ चा, म्हणजे इसवी सन १२३४-३५ चा उल्लेख आहे. देवगिरीच्या यादवांचा तो काळ. चक्रेश्वर नावाच्या वर्धनपूरच्या दात्याने ती करवली आणि या डोंगराचे नाव लेखात चारणाद्री असे आले आहे. खालची लेणी संरक्षित स्मारक आहेत. तेथे अक्षता-फुले वाहण्याचा आग्रह धरू नये. पूजेची इच्छा या वरच्या मंदिरात पूर्ण होते. उन्हाळ्यात दुपारी दगड अनवाणी पायांना सोसवत नाही, म्हणून सुती मोज्यांचा एक जोड प्रत्येकाच्या पिशवीत असावा. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट लागत नाही. मुलांचे वय चोरण्याची गरज नाही.

वेळ उरलाच तर अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले घृष्णेश्वराचे मंदिर गावातच आहे आणि शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांच्या गढीचे अवशेषही. पावसाळ्यात एकोणतिसाव्या लेण्याजवळचा धबधबा पाहण्यासारखा असतो; पण चातुर्मासात पुष्कळ घरी प्रवास आवरता घेतात आणि तेच बरे. देवगिरीचा किल्ला याच दिवसात कोंबू नये. तो चढायला दमदार पाय लागतात. तो तरुणांनी वेगळ्या महिन्यात करावा. एका दिवसात चार ठिकाणे दाखवून आणलेली मुले घरी आल्यावर फक्त गाडीत झोपल्याचे सांगतात.

खर्चाचा विचार व्यापाऱ्याला सांगावा लागत नाही, तरीही. जाऊन येऊन १८० किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटर धरले तर १२ लिटर इंधन; आजच्या भावाने बारा-साडेबाराशे रुपये, वर टोल आणि तिकिटे. दोन गाड्या काढाव्या लागल्या तर दुप्पट. या घराने गल्ल्याशेजारी एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. त्यात रोज दुकान वाढवताना शंभर रुपये पडतात. महिन्याचे तीन हजार होतात आणि चौथ्या शनिवारी डबा रिकामा होतो. आवर्ती ठेवीसारखाच हा प्रकार. व्याज मिळत नाही, पण हप्ता एकदाही चुकलेला नाही. खर्च आधीच बाजूला पडलेला असल्याने प्रवासात प्रत्येक नाक्यावर कपाळाला आठी पडत नाही, हा त्याचा खरा उपयोग.

दुसऱ्या महिन्यात फोन नातीकडे सोपवण्यात आला. तिला दोनच फोन घेण्याची परवानगी होती. तिसऱ्या महिन्यात निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बाबूजींनी गल्ल्याची किल्ली मुलाच्या हाती दिली आणि ते म्हणाले, “या खेपेला तू थांब. मुनीमजींना सुटी दे. आम्ही बाकीचे जातो.” मुलगा सहलीला मुकला. तरी त्या शनिवारी घरात सर्वांत खूश तोच होता, असे आजी सांगतात. त्या दिवशी बाबूजींनी दुकानात एकही फोन केला नाही. संध्याकाळी परतल्यावर त्यांनी मुलाने लिहिलेली रोजकीर्द मात्र दोनदा तपासली; एक रुपयाचा फरक निघाला नाही, आणि किल्ली त्यांनी परत मागितली नाही.

ज्यांना वेरूळ दूर पडते त्यांच्यासाठी महाराष्ट्राच्या प्रत्येक कोपऱ्यात एका दिवसाचे ठिकाण आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना हातकणंगले तालुक्यातील कुंभोजचा बाहुबली डोंगर, जेथे संगमरवराची २८ फुटी मूर्ती आहे आणि खाली गुरुकुल. नाशिककरांना म्हसरूळजवळचा गजपंथ. सोलापूर-बार्शीच्या मंडळींना कुंथलगिरी. कुलभूषण-देशभूषण मुनींचे हे सिद्धक्षेत्र, आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेतली तीही येथेच. अमरावती-अकोल्याकडून परतवाड्यापुढे मुक्तागिरी, ५२ मंदिरे आणि पावसानंतर कोसळणारा धबधबा. ते क्षेत्र मध्य प्रदेशाच्या हद्दीत येते, पण ओढा वऱ्हाडाचाच. मांगी-तुंगी मात्र ज्येष्ठांना घेऊन एका दिवसात करण्याचा मोह टाळावा. तेथील हजारो पायऱ्या मुक्काम मागतात.

जालन्याच्या त्या घरी आता ठिकाण चिठ्ठीने ठरते. चिठ्ठ्या लिहितात सूनबाई आणि काढतो सर्वांत धाकटा नातू. पुढच्या शनिवारची कचनेरची निघाली आहे, चिंतामणी पार्श्वनाथांची. भोजनालयाला नऊ पानांचा निरोप गेला होता. काल तो बदलून अकरा पानांचा केला, कारण मुनीमजी या खेपेला पत्नीसह येत आहेत.